हल्ली मुक्काम सुरत

मामेभावाच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मसुदा छापखान्यातून आला तो शनिवारी संध्याकाळी, मामांच्या लिंबायतच्या घरी. वराकडच्या पत्त्याची ओळ अशी होती : ‘रा. अमळनेर, जि. जळगाव, ह. मु. सुरत.’ मी लाल पेन घेतलं आणि ‘ह. मु.’वर काट मारली. मामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, काट मारलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे का?’’

कारण महिनाभर मनात साचलेलं होतं. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी पाण्याच्या टाकीच्या सफाईचा हिशेब मागितला होता. शेजारचे काका हसून, अगदी मायेनं म्हणाले, ‘‘तमे तो अमारा महेमान!’’ आणि विषय तिथंच मिटला. मी सुरतेत जन्मले, इथंच शिकले, इथंच कर भरते. काकांच्या शब्दात राग असता तर मी भांडले असते. त्यात आपुलकी होती, म्हणून मला उत्तर सुचलं नाही.

मामा १९७२च्या दुष्काळात वडिलांचं बोट धरून सुरतेत आले तेव्हा नऊ वर्षांचे होते. आजोबा लूमच्या कारखान्यात लागले. मामा शिकले आणि पुढं महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक झाले. निवृत्तीनंतरही त्यांच्या टेबलावर कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ असतो. शब्दाला त्याचं घर विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

मामा : ‘ह. मु.’ म्हणजे काय, ते सांग.

मी : हल्ली मुक्काम. म्हणजे सध्या इथं उतरलोय, उद्या निघू. मामा, आजोबांना येऊन पन्नास वर्षं उलटली. त्यांना अग्नी दिला तोही तापीकाठी, अश्विनीकुमारच्या घाटावर. आता कसला मुक्काम?

मामा : ती रीत आहे पोरी. दुसऱ्याच्या गावात राहणाऱ्यानं आपण कुठले ते आधी सांगावं. पाहुण्यानं आपण पाहुणे आहोत हे विसरू नये. मान राहतो.

मी : पण मी पाहुणी नाहीच.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘उद्या रविवार आहे. सकाळी ऊन चढायच्या आत ये. दोन-तीन जागा बघून येऊ, मग पत्रिका छापायला देऊ.’’

*

सकाळी आम्ही कतारगाम दरवाजाकडच्या डच दफनभूमीत उभे होतो. भोवती घरांची दाटी, आणि मधेच दोन मजल्यांचा तो घुमट.

मामा : या घुमटाखाली हेंड्रिक फान रेडे आहे. डच कंपनीचा मोठा अधिकारी. १६९१च्या डिसेंबरात मुंबईजवळ जहाजावर वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरलं. आपल्या लोकांनी यांना नाव दिलं वलंदेज. गुजराती म्हणतात वलंदा. पोर्तुगीज हॉलंडच्या माणसाला ‘ओलांदेस’ म्हणत, तेच कानावर पडलं आणि जिभेवर बसलं. इंग्रज हा शब्दसुद्धा इंग्रजांनी दिलेला नाही, तोही पोर्तुगिजांच्या ‘इंग्लेस’वरून आला.

मी : म्हणजे आलेल्या माणसाचं नाव आपण त्याला न विचारता त्याच्या आधी आलेल्याकडून घेतलं.

मामा : बहुतेक वेळा तसंच होतं. आता फिरंगी बघ. युरोपात फ्रँक नावाचे लोक होते. अरबांनी त्यांच्यावरून सगळ्याच युरोपियनांना ‘इफ्रंज’ केलं, फारसीत ते ‘फरंगी’ झाले आणि मराठीत येईपर्यंत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. वसईकडचा त्यांचा मुलूख तो फिरंगाण. त्यांच्याकडच्या पात्याची तलवार ती फिरंग. भावमिश्रानं सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त एका नव्या रोगालाही तेच नाव दिलं.

मी : मुलूख, तलवार आणि रोग. माणूस राहिलाच यात.

मामा : थांब, सगळ्या मराठीवर ठपका ठेवू नकोस. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ १७१६चं मानतात. त्यात या लोकांची नावं वेगवेगळी मोजली आहेत. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार. डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. रायगड-पन्हाळ्याकडच्या माणसाला तीनशे वर्षांपूर्वी इतका फरक कळत होता. आणि मग या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, टोपीकर.

मी : डिंगमार! मामा, परवा मी फॅरो बेटांच्या भाषेविषयी वाचत होते. नॉर्वे आणि आइसलंडच्या मधली अठरा बेटं. १९४८पासून त्यांचा कारभार त्यांच्याकडे आहे, पण राज्य डेन्मार्कचंच. म्हणजे आज्ञापत्राच्या हिशेबात तेही डिंगमारच झाले. त्यांच्या भाषेत पाहुण्याला ‘जेस्तुर’ म्हणतात. इंग्रजीतला ‘गेस्ट’ आणि जर्मनमधला ‘गास्ट’ हे त्याचे सख्खे भाऊ. पण याच मुळाचा चौथा भाऊ लॅटिनमध्ये आहे, ‘होस्टिस’. त्याचा अर्थ शत्रू.

मामा : एकाच मुळातून पाहुणा आणि शत्रू?

मी : हो. लॅटिनमध्येही आधी त्याचा अर्थ नुसता परका असाच होता. पूर्वज ज्या शब्दानं परक्याला ओळखत तोच शब्द आता शत्रूला लागला आहे, हे सिसेरोनंच नोंदवलंय. दारात उभा असलेला माणूस एकच. उत्तरेच्या बेटांवर त्याला पाट मांडला आणि रोममध्ये त्याच्यावर भाला रोखला. म्हणून मला या शब्दांचा भरवसा वाटत नाही. आज महेमान म्हणणारं तोंड उद्या दुसरं काही म्हणेल.

मामा : मला उलट वाटतं. त्या मुळात दोन्ही अर्थ आहेत, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल काय सावधगिरी सांगितली आहे? हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना जमिनीचा लोभ आहे, वखारीला समुद्राकाठची जागा देऊ नये. आणि या सुरतेनं काय पाहिलं? १६०८ साली हॉकिन्स या इंग्रजाचं जहाज आलं. पाच वर्षांत वखारीची परवानगी मिळाली. १७५९मध्ये चौकातला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात. दीडशे वर्षांत पाहुणा किल्लेदार झाला! दारात आलेल्याला पारखून घेणारा शब्द भाषेकडे असायलाच हवा.

मी : पण तुमचा शब्द पारखतो कुठं? वलंदेज, फरासीस, डिंगमार म्हणेपर्यंत तो पारखत होता. टोपीकर म्हटलं की पारख संपली, डोक्यावरची टोपी तेवढी उरली. हॉकिन्सच्या मागं राजा होता आणि तोफा होत्या. आजोबांच्या मागं कोरडं शेत होतं आणि हातात एक ट्रंक. दोघांना एकाच मापानं मोजणारा शब्द शहाणा कसा?

मामांनी मान हलवली. ‘‘हे मात्र बरोबर आहे,’’ म्हणाले आणि घुमटाच्या सावलीत एका दगडावर बसले.

मामा : यावरून एक आठवलं. जानेवारी १६६४. शिवाजी महाराज सुरतेवर आले. मुघलांच्या लेखी मराठे गनीम. गनीम हा अरबी शब्द, गनीमत म्हणजे लूट त्यावरून. म्हणजे आपण या शहरात पहिल्यांदा आलो ते या नावानं. पण त्या धामधुमीतसुद्धा कॅपुचिन पाद्री आंब्रोझ यांच्या घराला हात लावला नाही, आणि डचांच्या एका मरण पावलेल्या दलालाचं घरही सोडलं, कारण तो मोठा दानशूर होता, असं फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. एक फिरंगी पाद्री, एक वलंदेजांचा दलाल. सरसकट शब्द लावला असता तर दोन्ही घरं गेली असती. इथं राहतो कोण, ते आधी विचारलं होतं.

मी : माझं म्हणणं तेवढंच आहे. आणि तुमच्या या फान रेडेचंही तेच. मलबारात असताना त्यानं तिथल्या झाडाझुडपांवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, ‘होर्तुस मलबारिकुस’. पहिला खंड अ‍ॅमस्टरडॅमला १६७८मध्ये छापला. त्यात झाडांची नावं स्थानिक लोक घेत तीच ठेवली. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी अक्षरांत तसंच्या तसं छापलं. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचंही छापलं. परका माणूस एकेका झाडाला त्याचं नाव विचारत हिंडला. टोपीकर म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

*

तिथून आम्ही मुगलीसराला आलो. महानगरपालिकेची मुख्य कचेरी रविवारमुळे बंद होती. मामा फाटकाबाहेर थांबले.

मामा : ही इमारत १६४४ची, शहाजहानच्या काळातली. मुसाफिरांसाठी बांधलेली सराय. तेव्हा हजला जाणारी गलबतं सुरतेहून सुटत, म्हणून या शहराला मक्केचा दरवाजा म्हणत. यात्रेकरू इथं उतरत, वारा अनुकूल झाला की निघून जात. या शहरानं पाहुण्यासाठी दगडी घर बांधलं. पाहुणा या शब्दाला एवढा मान होता.

मी : पाहुणा शब्दाचं मूळ तुम्ही कोणतं धरता?

मामा : संस्कृत कोशांत ‘प्राघूर्ण’ आहे. घूर्ण म्हणजे गरगरणं, भटकणं. हिंडत हिंडत दाराशी आला तो प्राघूर्ण, प्राकृतात पाहुण, मराठीत पाहुणा. गुजरातीतला परोणोही त्याच कुळातला. अतिथीचंही तसंच. ‘अत्’ म्हणजे चालत राहणं. अवेस्तात पाहुण्याला ‘अस्ति’ म्हणतात. पारशांच्या धर्मग्रंथांची भाषा ती, आणि शब्द अतिथीच्याच नात्यातला.

मी : पण प्राघूर्ण हे पाहुण शब्दाला नंतर चढवलेलं संस्कृत रूप असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत. पालीत संघाचं वर्णन करताना ‘आहुनेय्य’ आणि ‘पाहुनेय्य’ हे दोन शब्द जोडीनं येतात. आपल्या लिंबायतच्या विहारात रोज म्हणतात. आहुनेय्य म्हणजे ज्याला अर्पण करावं असा, आणि पाहुनेय्य म्हणजे पाहुणचाराला योग्य. ‘हु’ धातू आहुतीतला. तसं धरलं तर पाहुणा म्हणजे भटकत आलेला नव्हे. पाहुणा म्हणजे ज्याच्यासाठी आपण आपल्या ताटातलं काढून ठेवलं तो.

मामा : वा. म्हणजे एका व्युत्पत्तीत पाहुण्याचे पाय दिसतात आणि दुसरीत यजमानाचा हात.

मी : दोन्हींत एक गोष्ट मात्र नाही. पाहुण्याचं तोंड. त्यानं चालत यावं, मिळेल ते घ्यावं. बोलावं असं कुठल्याच मुळात नाही. आणि मुदतही ठरलेली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथी कोण ते सांगितलंय. जो एकच रात्र राहतो तो. कायम राहत नाही म्हणूनच तो अतिथी. मग दुसऱ्या सकाळी त्याला काय म्हणायचं, मामा? पन्नास वर्षांच्या सकाळी झाल्या आपल्या.

मामा : आपली कानबाईसुद्धा एका रात्रीचीच पाहुणी ना. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, रात्रभर जागर होतो, सोमवारी निरोप. लिंबायत, उधना, डिंडोली, सगळीकडे मिरवणुका निघतात. एक रात्र राहते म्हणून तर तिचं अप्रूप. आम्ही लहान असताना आई सांगायची, परक्या गावात कानबाईसारखं राहावं. जड होऊ नये.

मी : कानबाई देवी आहे. तिला पाण्याची टाकी लागत नाही. पाहुणा म्हणून राबवून घेणं किती सोपं असतं, ते जर्मनीत बघा. ३० ऑक्टोबर १९६१ला त्यांनी तुर्कस्तानशी करार करून कामगार मागवले. नाव ठेवलं ‘गास्टआर्बायटर’, पाहुणे कामगार. त्याच जेस्तुरचा भाऊ हा गास्ट. समजूत अशी की काम करतील आणि परत जातील. लाखो माणसं राहिली, त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली, तरी कित्येकांना नागरिकत्व मिळायला पिढी जावी लागली. पाहुणा म्हटलं की घराच्या कागदांवर नाव घालायची गरज उरत नाही. मामा, माझा जन्मदाखला याच पालिकेचा आहे. सरायीत जन्मनोंदणी व्हायला लागली तेव्हाच ती सराय राहिली नाही.

मामा फाटकाच्या सळ्यांतून आत बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले.

मामा : पालिकेच्या शाळेत मी मुलांना दादोबा पांडुरंगांविषयी सांगायचो. मराठीचं व्याकरण ज्यांनी १८३६ साली छापलं ते. दादोबा सुरतेत शिक्षक होते. परगावचे, परभाषेचे, पण या शहरानं त्यांना मान दिला. चांगला पाहुणा कसा असतो त्याचं उदाहरण म्हणून मी ते नाव घ्यायचो.

मी : आणि १८४४मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी इथं मानवधर्म सभा काढली. सभेनं जातीभेदावर बोट ठेवलं, भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्राच्या नादाला विरोध केला. म्हणजे तुमच्या या पाहुण्यानं यजमानाच्या घराचा सगळा हिशेब मागितला. मी टाकीच्या पाण्यापुरताच मागितला होता.

मामा : (थोड्या वेळानं) इतकी वर्षं हा धडा शिकवला. तुझ्या बाजूनं कधी बघितला नाही.

*

परतताना आम्ही उधना स्टेशनच्या पुलावर थांबलो. इथून एक फाटा मुंबईकडे जातो आणि दुसरा बारडोली, व्यारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला. तापी व्हॅली रेल्वे म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर हा मार्ग सुरू झाला. त्यानं खानदेशातला कापूस सुरतेला आणला आणि पुढं माणसंही आणली.

मी : ‘परप्रांतीय’ हा शब्द मला सर्वांत जास्त टोचतो. सुरतेच्या वर्तमानपत्रात तो आपल्याला लागतो, मुंबईच्या वर्तमानपत्रात आपण तो दुसऱ्यांना लावतो. आणि १ मे १९६०पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्याआधी कोणी या गाडीत बसलं असतं तर प्रांत ओलांडलाच नसता. गाडी तीच, रूळ तेच. माणूस परका झाला तो नकाशा बदलल्यामुळे.

मामा : २०२०चा एप्रिल आठवतो? कारखाने बंद. ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे कारागीर रस्त्यावर आले होते, घरी जाऊ द्या म्हणून. टीव्हीवर सारखा तोच शब्द, परप्रांतीय. आमच्या गल्लीत गंजामची चार पोरं राहायची. तुझी मामी त्यांना भाकरी द्यायची. एक दिवस त्यांच्यातला एक म्हणाला, मास्तर, तुमचं बरं आहे, तुम्ही इथलेच. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इथले असं मला कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि म्हणणारा माझ्यापेक्षा नवा होता.

मी : आणि तरीही तुम्हाला ‘ह. मु.’ हवं?

मामांनी पुलाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. खाली भुसावळकडची गाडी लागत होती. डोक्यावर बोचकी, हातात पिशव्या घेतलेली माणसं डब्यांकडे धावत होती.

मामा : ऐक. आजोबा गेले त्या वर्षी मी गावी गेलो होतो. भाऊबंदांच्या ओट्यावर चढलो तर आतून एका पोरानं आवाज दिला, ‘‘सुरतवाला पाव्हना उनात!’’ लगेच सतरंजी अंथरली, तांब्या आला, सगळे अदबीनं उभे राहिले. त्यांनी मान दिला, पण मला रडू आलं. ज्या घरात मी रांगलो त्या घरात मी पाहुणा झालो होतो. इथं महेमान आणि तिथं पाव्हना. म्हणून ‘ह. मु.’ला मी धरून आहे. त्या दोन अक्षरांच्या अलीकडे एक गाव आहे आणि पलीकडे एक. ती खोडली तर माझं एक गाव जातं पोरी.

मला बोलता येईना. पाहुणा या शब्दाला मामा इतकी वर्षं मान का देत आले, ते आता कळलं. दोन्ही घरांनी त्यांना दिलेला तेवढा एकच शब्द होता.

मामा : आता मला एक सांग. तुझ्या सोसायटीतले ते काका मूळचे कुठले?

मी : अमरेलीकडचे. हिऱ्याच्या कामासाठी आले होते.

मामा : म्हणजे जुन्या सुरतींच्या लेखी काठियावाडी. त्यांच्या मुलीची कंकोत्री तुमच्याकडे आली असेल. पत्त्याच्या जागी काय छापलं होतं?

मी : (आठवून) मूळ गाम अमुक, हाल सुरत.

मामा : ‘हाल’ आणि आपलं ‘हल्ली’ एकाच अरबी शब्दाचे. या शहरात ज्याच्या घरी लग्न निघतं त्याच्या पत्रिकेवर हा शब्द असतो. अमरेलीच्या, भावनगरच्या, जळगावच्या, धुळ्याच्या. मुक्काम हा शब्दही अरबीच, उतरण्याच्या जागेचा. सुरत हे उतरलेल्यांचंच गाव आहे. तुझे काका तुला महेमान म्हणतात, पण त्यांचाही इथं हल्ली मुक्कामच आहे.

मी : पण त्यांचं ‘हाल’ त्यांना बैठकीत बोलायला आडवं येत नाही, माझं येतं. कागदावर दोघांना एकच शब्द, बैठकीत दोन.

मामा : मग कागद खोडून काय होणार? बैठकीत त्यांना त्यांचं गाव विचार. आपल्याकडे ओट्यावर बसलेला म्हातारा कोणी नवा दिसला की आधी विचारतो, ‘‘कोन गावना शे रे भो?’’ तुला तो नाक्यावरचा पहारा वाटेल. मी त्याला पाणी विचारण्यासारखं मानतो. गाव कळलं की माणूस टोपीकर राहत नाही.

मी : मराठीनं तर आडनावातच ती सोय केलीय. गाव सोडलेला माणूस त्या गावाचा ‘कर’ होतो. मिरजेत मिरजकर कोणाला म्हणणार? आडनाव लागतं ते मिरजेबाहेर. आणि राहणारा माणूसही त्याच गावाचा ‘कर’. पुण्यात राहणारा पुणेकर. सोडून आलेलं गाव आणि आता राहतो ते गाव, दोन्ही एकाच प्रत्ययात मावतात. टोपीकरालाही कानाला तोच ‘कर’ लागतो, फक्त गावाच्या जागी टोपी आहे. कोणीतरी गाव विचारायचं राहून गेलं.

मामा हसले. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

*

घरी आलो तेव्हा मामींनी भाकरी टाकल्या होत्या. मसुदा टेबलावर तसाच पडलेला होता. मामांनी तो पुढ्यात ओढला. मला वाटलं, माझी काट खोडून ते ‘ह. मु.’ पुन्हा लिहितील. मी पेन त्यांच्याकडे सरकवलं, कारण आता ते त्यांनीच लिहावं असं मला वाटत होतं.

त्यांनी एकाऐवजी दोन ओळी केल्या. आईवडिलांच्या नावापुढं : ‘रा. अमळनेर, ह. मु. सुरत.’ आणि मुलाच्या नावापुढं नुसतं : ‘सुरत.’

‘‘ज्याचा मुक्काम, त्याच्या नावापुढं,’’ मामा म्हणाले. ‘‘आणि ज्याचं गाव, त्याच्या नावापुढं. याचा जन्म इथला. याला पाहुणा करायचा हक्क मलाही नाही.’’

मला अजूनही वाटतं की पन्नास वर्षांनंतर मामांच्याही नावापुढं ‘हल्ली’ उरायला नको. मामांना अजूनही वाटतं की मी फार घाईनं खोडते. तेवढा फरक आमच्यात राहिला. पण मुगलीसराच्या फाटकाशी मी विचारलेल्या प्रश्नाचं, दुसऱ्या सकाळी पाहुण्याला काय म्हणायचं याचं, उत्तर मला त्या दोन ओळींत मिळालं. ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं. दुसऱ्यानं फक्त विचारायचं असतं, आणि विचारल्यावर ऐकून घ्यायचं असतं. वलंदेज, फिरंगी, गनीम, परप्रांतीय, महेमान, पाव्हना, या सगळ्या शब्दांची मुळं शोधताना एवढं मात्र पक्कं कळलं की यातला एकही शब्द आलेल्या माणसानं स्वतः निवडलेला नव्हता. ‘ह. मु.’ मामांनी स्वतः निवडलं आहे. म्हणून त्यावर काट मारणारी मी कोण?

पुढच्या बैठकीत मी शेजारच्या काकांच्या बाजूला बसले आणि सुरू होण्याआधी विचारलं, ‘‘काका, तमारुं मूळ गाम कयुं?’’ ते गावाविषयी बराच वेळ बोलत राहिले. विहीर, चिंचेखालचा पार, सुरतेला आले तेव्हाची पहिली रात्र. मग त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं, ‘‘मारुं गाम सुरत. मूळ गाम अमळनेर.’’

बैठक सुरू झाली तेव्हा टाकीच्या सफाईचा हिशेब मी पुन्हा मागितला. या वेळी उभी राहून.